सोमलिंगाच्या टेकडीखालची खाण

मंद्रूपपासून दोन कोसांवर ओढ्याकाठी सोमलिंगाची टेकडी होती. टेकडीवर काळ्या दगडाचं जुनं देऊळ, आणि देवळापुढं लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, म्हणजे वीरगळ, मातीत निम्मे रुतलेले. देऊळ कुणी बांधलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पूजा आणि झाडलोट कुंडलिक गुरवाकडं होती. देवळाचं काही विचारायचं तर पायथ्याच्या गावानं आपल्यालाच विचारावं, असं त्याला वाटायचं.

गाव मात्र हल्ली चांदसाबला विचारत होतं.

चांदसाब कुंडलिकच्याच वयाचा. लहानपणी दोघं एकाच ओढ्यात डुंबलेले. तरुणपणी तो दूर चांदा जिल्ह्यात कोळशाच्या खाणीत गेला, आणि परत आला तो काळा कोट घालून, तोंडभर गोष्टी घेऊन. त्याच सुमाराला रेल्वेच्या पुलासाठी दगड हवा होता आणि चांगला दगड नेमका टेकडीच्या पोटात होता. जुन्या देवळाला धक्का लागता कामा नये म्हणून मामलेदारानं वरून खोदायला मनाई केली. तेव्हा ठेकेदारानं बाजूनं आडवं भुयार पाडायचं ठरवलं, आणि जमिनीखालच्या कामाचा माहीतगार म्हणून चांदसाबला मिस्त्री नेमलं.

पहिल्याच दिवशी चांदसाबनं गाव देवळापुढं गोळा केलं.

"आमच्या कोळशाच्या खाणीवर एका जुन्या राजाची समाधी हुती," तो कोटाची बटणं चाचपत म्हणाला. "तिच्या बुडाखालचा कोळसा आमी काढलाच न्हाय. भवतीनं बी जाड जाड खांब सोडले. समाधीचा एक चिरा हलला न्हाय. हितं बी तसंच. देवळाखाली एक सुरुंग लागायचा न्हाय, आन् बाजूला खोदू तितं खांब सोडत जाऊ."

माना डोलल्या. मग त्यानं देवळाच्या बाहेरच्या भिंतीला फेरी मारली आणि जुन्या भेगांवर चुन्याच्या पातळ पट्ट्या लिंपल्या.

"पट्टी तडकली म्हंजी खालची जमीन हलली. त्या दिशी काम बंद. कुंडल्या, रोज सकाळी ह्या बघायच्या. तडकली की पळत येऊन मला सांगायचं."

सगळ्या गावादेखत कुंडल्या! आपल्याच देवळात आपण याचे गडी झालो, असं कुंडलिकला वाटलं. तोंडानं तो "व्हय" म्हणाला.

घरी बायकोनं, बजाबाईनं, भाकरी वाढता वाढता तेच काढलं. "चांदभावजींना देवाची लई काळजी बघा."

"आन् मी काय इतकी वरसं झोपा काढल्या व्हय?"

"तुमी पूजा केली की. ते देऊळ राखाय लागलेत."

कुंडलिक अर्ध्या जेवणावरून उठला.

काम सुरू झालं. तिप्पण्णा वडाराची माणसं भुयारात दगड फोडत. बाजाराच्या दिवशी मंद्रूपात कुंडलिकला भेटणारा प्रत्येक जण आधी चांदसाबची खुशाली विचारी. कुंडलिक रोज पट्ट्या बघे आणि मनातल्या मनात म्हणे, काही होत नाही. चार पावसाळे गेले, पट्ट्या अशाच राहिल्या, की लोक म्हणतील, चांदसाबनं उगीच बाऊ केला. या विचारानं त्याला गोड झोप लागायची.

एका सकाळी मागच्या भिंतीवरची पट्टी तडकलेली दिसली. केसाएवढी रेघ, पण आरपार.

कुंडलिक बघत राहिला. आता धावत जायचं, म्हणजे चांदसाबचं बोलणं खरं झाल्याची दवंडी आपणच पिटायची. संध्याकाळपर्यंत अख्खं गाव त्याला डोक्यावर घेणार. आणि कदाचित चुना नुसता वाळून तडकला असेल. त्यानं चिमूटभर भस्म घेतलं, रेघेवर चोळलं आणि आत जाऊन पूजेला बसला.

दुपारी बजाबाई नैवेद्य घेऊन आली, तेव्हा दारावरच्या चिऱ्यातून दगडाची बारीक भुकटी तिच्या ताटात पडली.

"आवो, हे काय?"

कुंडलिक तसाच धावत सुटला. उतारावर वहाण सुटली, ती तिथंच राहिली. भुयाराच्या तोंडाशी तो ओरडला, "चांद्या! भाईर काढ समद्यांस्नी! पट्टी तडकली!"

चांदसाबनं तिप्पण्णाला हाक दिली, माणसं एकेक करून बाहेर ढकलली आणि स्वतः मागं राहून लाकडाचा टेकू छताखाली सरकवू लागला. तो एकट्याला पेलेना. कुंडलिक आत शिरला. दोघांनी खांदे लावून टेकू उभा केला. शेवटचा माणूस सुटला, मग दोघं पळाले, आणि पाठीमागं भुयाराचं टोक धडाधड खाली आलं.

धूळ बसल्यावर सगळे वर गेले. एक वीरगळ कलंडून दुभंगला होता. देऊळ उभं होतं.

चांदसाब मागच्या भिंतीपाशी गेला. पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला भस्म लागलं.

"कवापासनं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"सकाळच्यानं."

"आत धा माणसं हुती, कुंडल्या."

एवढ्यात ठेकेदार आला. "कुणी वर्दी दिली?"

"कुंडलिकनं," चांदसाब म्हणाला. खोटं काहीच नव्हतं. लोकांनी कुंडलिकला घेरलं, तिप्पण्णानं पाय धरले. आणि कुंडलिकला जाणवलं, हे कौतुकसुद्धा चांदसाबनंच आपल्या पदरात टाकलंय. ते त्याला आगीसारखं पोळलं.

चांदसाब पुढं म्हणाला, "सायेब, इकडं आता खोदायचं न्हाय. ओढ्याच्या अंगानं दगड हाय, तितं जाऊ. आन् उद्यापासनं पट्ट्या बजावैनी बघतील."

का, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बजाबाई पहाटे टेकडी चढायची. प्रत्येक पट्टी नीट न्याहाळून खाली चांदसाबला हाक द्यायची, "भावजी, समदं ठीक हाय!" खालून "बरं हाय, वैनी!" असा जबाब यायचा. कुंडलिक गाभाऱ्यात घंटा घासत ते ऐकायचा. मग ती गेली की बाहेर येऊन त्याच पट्ट्या पुन्हा एकदा, तिच्याहून जास्त वेळ, बघत उभा राहायचा.