चौकोनांची तसबीर

“हात घाबरू देऊ नको गो. रेघ वाकडी चालंल, पण घाबरलेली लगेच दिसते.” लग्नघरी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक काढताना जनीची आई म्हणायची. श्रीवर्धनात रामचंद्र तसबीरवाल्याच्या दुकानात जनीला तोच आवाज पुन्हा ऐकू आला. समोर टांगलं होतं एक चित्र: तांबडे त्रिकोण, काळे गोल, पिवळे चौकोन, एकमेकांत अडकून फेर धरल्यासारखे.

“मुंबईच्या चित्राची नक्कल,” रामचंद्र म्हणाला. “नवे अ‍ॅक्रिलिक रंग. ओल्या फडक्यानं पुसा, हलायचे न्हाईत.”

“खरं हाय. आमच्या दुकानात पाट्यांना आलेत,” जनीचा नवरा हिरामण तिला म्हणाला. तो मुंबईत पाट्या रंगवायचा, शिमग्याला घरी आला होता. “पण आयनं दत्ताची तसबीर सांगितलीय गो.”

जनी चित्रासमोरून हलली नाही. हिरामण हसला आणि रामचंद्राला म्हणाला, “बांधा ह्येच.”

नव्या घराच्या भिंतीवर चित्र चढलं, आणि सासू सोनूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“ह्यात द्येव कुठं बसलाय? उद्याच्या यष्टीनं परत न्या.”

सासूच्या तोंडून कौतुक जनीनं कधी ऐकलंच नव्हतं. नणंदेच्या, कमळच्या लग्नात जनीनं काढलेला चौक बघायला सगळी आळी लोटली, सोनूबाई एवढंच म्हणाली, “पीठ लय नासलंस.” जुनं घर पाडेपर्यंत त्या भिंतीला तिनं चुनाही लावू दिला नाही. चुना वाचवतेय, असं जनीला वाटलं होतं.

सकाळी शेजारची वेणूबाई विरजण मागायला आली आणि उंबऱ्यातच थबकली.

“सोनूबाय! घरात लगीन काढलंस, नि मला पत्ता न्हाय?”

लग्नाच्या चौकाला हळद लावल्याशिवाय पुढं कसं जायचं? तिनं चुलीजवळची हळद बोटांवर घेतली आणि चित्राला पाच बोटं ओढली. हिरामणला चहाचा ठसका लागला. जनी ओलं फडकं घेऊन धावली. हळद निघाली, त्रिकोण तसेच हसत राहिले.

“लगीन न्हाय गो, मुंबईचं चित्र हाय,” जनी म्हणाली.

“मंग चौकावानी कशाला दिसतंय मेलं!” वेणूबाई हसत सुटली.

सोनूबाई मात्र चित्राजवळ गेली, मान तिरकी करून बघत राहिली. जनीच्या हातातलं फडकं थांबलं. आता उतरवायला सांगणार.

“ऱ्हाऊ दे भिंतीवर,” सोनूबाई म्हणाली. “पण वेणू, आमच्या जनीचा चौक ह्याच्यापरीस देखणा व्हता. पुसायला जीव झाला न्हाय माजा, म्हणून त्या भिंतीला चुना लावू दिला न्हवता.”