दक्षिणेचा वारा

आमच्या प्युएब्लो गावात सून घरात आली की सासू तिला आधी वारा ओळखायला शिकवायची. वारा दक्षिणेचा असेल, तर धुणं तळघरात वाळत घालायचं. दक्षिणेला पोलादाचा कारखाना. त्याच्या भट्ट्यांची तांबडी धूळ बसली की पांढऱ्या चादरीचं मातेरं. स्लोव्हेनियाहून आलेल्या माझ्या सासूनं मला ते शिकवलं, शेजारच्या मेक्सिकन डोलोरेसला तिच्या सासूनं. भाषा निराळ्या, धुळीला दिलेल्या शिव्या त्याच. पस्तीस वर्षं मी त्या धुळीच्या नावानं बोटं मोडली. आता तिची आठवण येते, काय सांगू!

त्र्याऐंशी साली भट्ट्या थंड पडल्या. तात्पुरत्या, असं साहेब म्हणाले. माझा नवरा स्टॅन्को आणि आमचा मुलगा रेमंड, दोघंही भट्टीवरचे, घरी बसले. दीड वर्ष उलटलं, तरी गल्लीतल्या आम्ही बायका दक्षिणेच्या वाऱ्यात धुणं तळघरातच घालत होतो. बाहेर घालणं म्हणजे भट्टी मेली, असं पुरुषांना तोंडावर सांगणं. कोणाची छाती होणार?

मग रेमंडला सिएटलच्या विमान कारखान्यातून बोलावणं आलं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

"मार्चमध्ये भट्टी पेटणार," स्टॅन्को म्हणाला. "तू गेलास तर तुझी जागा दुसरा घेईल. गप बस इथंच."

"बाबा, गेल्या मार्चलाही हेच म्हणाला होतात."

"तोंड चालवू नकोस!"

रेमंडनं मान खाली घातली. बापाला दुखवून तो जाणार नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पोर इथंच सडणार, या विचारानं रात्रभर माझा डोळा लागला नाही.

गुरुवारी दक्षिणेचा वारा सुटला. मी चार पांढऱ्या चादरी धुतल्या आणि सरळ अंगणात घातल्या.

डोलोरेस कुंपणापाशी धावत आली. "टिलका, डोकं फिरलं का तुझं? वारा बघ की!"

"बघितला," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग घरात गेली.

संध्याकाळी स्टॅन्को अंगणात आला आणि थबकला. त्यानं चादरीवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. तांबडा कणही नव्हता. आता हा घर डोक्यावर घेणार, म्हणून मी दाराआड उभी राहिले. पण त्यानं चारही चादरी काढल्या. आयुष्यात कधी रुमालाची घडी न घातलेला माणूस, टोकाला टोक जुळवत बसला. मग रेमंडला हाक मारून त्या त्याच्या हातात दिल्या.

"घेऊन जा," तो म्हणाला. "सिएटलला महाग असतील."