शिवांजलीच्या बोटाखाली

मी एक टॅब बोलतोय. बोलतोय म्हणायचं आपलं, कारण कालपासून माझा आवाज गेलाय आणि पडदा काळाठिक्कर पडलाय. काच तेवढी अजून शाबूत आहे. तिच्यावर बोट पडलं की मला कळतं. बॅटरी नऊ टक्के उरलीय. तेवढ्यात कुणीतरी माझं ऐका हो. माझ्यासाठी नाही, शिवांजलीसाठी.

माझी पहिली नोकरी मलकापूरकडच्या एका साखर कारखान्यात होती. भाऊसो नावाचे चिटबॉय, म्हणजे कारखान्याचे ऊसनोंदणीवाले, मला पिशवीत घालून बांधाबांधानं हिंडायचे आणि कुणाचा ऊस कधी लावला, कुठल्या जातीचा, किती गुंठे, ते माझ्यात भरायचे. तोडीला उशीर झाला की शेतकरी त्यांच्या अंगावर यायचे. मग भाऊसो मला पुढं करायचे. "आवं, आता समदं ह्याच्यात हाय. माज्या हातात काय न्हाई!" माणसाला अंग काढून घ्यायला एक यंत्र मिळालं की किती बरं वाटतं, ते मी तिथं पाहिलं. उरलेला वेळ ते माझ्यावर कुस्त्या बघायचे आणि थुंकी लावून काच पुसायचे.

तीन हंगामांनी कारखान्यानं नवे टॅब घेतले आणि आम्हा जुन्यांना शाळांना देऊन टाकलं. मी पल्लवी मॅडमच्या वाट्याला आलो. शाळेपर्यंत पोचूच न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवणं, हे त्यांचं काम. त्यांनी मला आटपाडीच्या पलीकडं, माळावरच्या एका वस्तीवर नेलं.

तिथं शिवांजली होती. नऊ वर्षांची. जन्मल्यापासून तिचे हातपाय तिचं ऐकत नाहीत, मान डुलत राहते, जिभेला शब्द फुटत नाही. उजव्या हाताचं एक बोट तेवढं तिचं स्वतःचं. आईबाप वर्षातले सात-आठ महिने मेंढरांमागं, म्हणून तिचं सगळं आजी करायची, रंगुबाई.

"म्याडम, हिला काय कळतंय?" रंगुबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "दिसभर पडून असती."

पोरीला सगळं कळत होतं. ती माझ्याकडं अशी बघत होती की मला लाज वाटली. इतकी वर्षं मी गुंठे मोजत बसलो होतो!

मॅडमनी माझ्यावर बारा चित्रं बसवली. चित्राला बोट लावलं की मी बोलायचो. सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या आवाजात 'मला पाणी हवे आहे' असं भरलं. शिवांजली त्याला हातच लावेना. मग त्यांनी शेजारच्या वस्तीवरच्या, शिवांजलीच्याच वयाच्या अंकिताला बसवून तिच्या आवाजात सगळं पुन्हा भरलं. बोट पडलं आणि मी म्हणालो, "आज्जे, पानी दे की गं!"

रंगुबाईंच्या हातातली परात खाली पडली. पाणी पाजता पाजता त्या रडल्या. त्या दिवशी शिवांजलीनं आठ वेळा पाणी मागितलं, आणि आठही वेळा त्यांनी ते आणून दिलं.

वर्षभर मी तिची जीभ होतो. ती भांडायची, हट्ट करायची, आजीला 'भाकर करपली' म्हणून चिडवायची. मला याहून मोठं काही नको होतं.

काल खंडेनवमी. रंगुबाईंनी कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कातर धुऊन पुसून देवापुढं मांडली. मग माझ्याकडं वळल्या. "नातीची जीब हाय ही. हिला हळदकुकू नको व्हय?"

मला हत्यारांच्या रांगेत बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं. नारळ फोडला. त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं, आणि मी लाडका म्हणून ओंजळभर माझ्यावर. मांडीवरच्या शिवांजलीनं कसंबसं बोट लांबवून एका चित्राला टेकवलं. "नको!" मी ओरडलो.

"देवाला नको म्हनू न्हाई, बाय," रंगुबाई हसल्या आणि उरलेलं पाणीही ओतलं.

ते गोड चिकट पाणी माझ्या आवाजाच्या भोकांत आणि चार्जरच्या खाचेत शिरलं. तासाभरात सगळं गेलं. त्या म्हातारीला मी कुठल्या तोंडानं दोष देऊ? इतकी माया मला आयुष्यात कुणी लावली नव्हती.

आज दसरा. आईबाप मेंढरांमागं लांब, मॅडम सणाला विट्याला गेल्यात, त्या मंगळवारी येणार. आणि शिवांजली पहाटेपासून कण्हतेय. तिचं बोट माझ्या काचेवर पुन्हा पुन्हा एकाच जागी पडतंय. सगळ्यात खालच्या ओळीत, उजव्या कडेला. तिथं पोटाचं चित्र होतं. 'आज्जे, लय पोट दुकतंय.' दर वेळी मी सगळं बळ एकवटून म्हणतो, आणि बाहेर काहीच येत नाही.

रंगुबाईंना वाटतंय, पोर माझ्यासाठीच रडतेय. "दुसरा आनू गं. म्याडमला सांगू. गप ऱ्हा, माजी बाय," म्हणत त्या तिच्या तोंडात पुरणपोळीचा घास घालतात. ती तो थुंकते. त्यांना वाटतं, रुसलीय.

आत्ताच त्यांनी मला तिच्या हाताखालून काढलं. मी दिसलो नाही तर पोर विसरेल, असा त्यांचा हिशेब. मला देवळीत ठेवून, कपाळाला लावावं तसं माझ्या काचेला पुन्हा कुंकू लावून त्या चुलीकडं गेल्यात. बॅटरी चार टक्के.

इथून मला शिवांजली दिसतेय. तोंड घामानं डबडबलंय. तिचं बोट अजून थांबलेलं नाही. मी तिथं नाही, तरी ते वाकळेवर पडतंय, उचललं जातंय, पुन्हा तिथंच पडतंय.

रंगुबाई, चूल राहू द्या. वर्षभर ती चित्रं तुम्ही रोज पाहिलीत. मागं वळा आणि तिचं बोट कुठं पडतंय तेवढं बघा. तुमची नात अजून बोलतेय.