रंगाखालचं लोखंड

भागवतमामांची जुनी बुलेट दिवसाढवळ्याही हेडलाईट लावून फिरायची, आणि त्यावरून आख्ख्या अकोले तालुक्यात त्यांची चेष्टा व्हायची. मामा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, पण वाड्यावस्त्यांवर त्यांना डॉक्टरच म्हणत. पावसाळ्यात तिकडं धुकं असं उतरतं, की समोरची म्हैस शिंग लागेपर्यंत दिसत नाही. त्या धुक्यातून मामांचा दिवा येताना दिसला, की अडलेल्या गाईच्या मालकाच्या जिवात जीव यायचा. पुढं नोकरी संपली, तरी दिव्याची सवय काही सुटली नाही. भर उन्हात दिवा लावून सूर्याला वाट दाखवता का, असं कोणी विचारलं की मामा खुशाल हो म्हणत.

आणि त्याच मामांनी आता गाडीला हात लावणं सोडून दिलं होतं. गाडी पडवीत गोणपाटाखाली उभी होती, किल्ली मुलाच्या, अंगदच्या कपाटात होती. गाडी दुरुस्त करायला त्यांचा भाचा अमृत रविवारी सकाळी नगरहून एसटीनं आला, तेव्हा मामा ओट्यावर बसून होते. "आलास व्हय," एवढंच म्हणाले आणि पुन्हा अंगणातल्या भाताच्या पेंढ्यांकडं बघत बसले.

अमृत नगरजवळच्या नागापूरला एका कंपनीत रंगकामाच्या खात्यात होता. त्याचा रंगाचा हात चांगला, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. लहानपणी सुट्टीत मामा त्याला टाकीवर बसवून गावोगाव हिंडवायचे. त्या मायेपोटी यंदा दसऱ्याच्या आधी त्यानं गाडी नगरला नेली, सगळी सुटी केली आणि चेसीला, म्हणजे सांगाड्याला, भट्टीत भाजून पक्का होणारा काळाभोर रंग दिला. खंडेनवमीला गाडीची पूजा करताना मामांनी कुंकवाचं बोट टाकीला टेकवायलाही मागंपुढं पाहिलं होतं. इतकी ती देखणी झाली होती. अमृतनं तिचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

दिवाळीनंतर मामा आणि विजयमालामामी त्याच गाडीवरून अकोल्याच्या बाजाराला निघाले. चढावर सीटखालून जळका वास आला, मग धूर. मामी घाबरून चालत्या गाडीवरून उतरायला गेल्या आणि पडल्या. उजवं मनगट मोडलं. अंगदनं दवाखान्यातून अमृतला फोन केला, की हे असं कशानं झालं असेल. अमृत कामावर होता, तोंडाचा मास्क गळ्यात ओढून घाईत बोलत होता. त्याच्या तोंडाला आलं ते तो बोलून गेला. मामा दिवसा लाईट चालू ठेवतात, त्यानंच वायर तापली असेल, असं म्हणाला आणि परत कामाला लागला. गाडी त्यानं बघितलीही नव्हती.

पण कंपनीतला भाचा म्हणतोय म्हटल्यावर ते गावात ब्रह्मवाक्य झालं. अंगदनं ते शेजारी सांगितलं, शेजारून ते दूध डेअरीवर गेलं, आणि डेअरीवर गेलेली गोष्ट पार शेवटच्या वस्तीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. चेष्टेची धार बदलली. म्हातारा हट्टी आहे, त्याला आता सुधरत नाही, लाईटच्या नादात बायकोचा हात मोडून बसला, असं लोक म्हणू लागले. मामांनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनाही ते पटलं होतं, हेच वाईट होतं.

अमृत हे आता डोळ्यांनी बघत होता. मामांनी त्याच्यासाठी स्वतः चहा ठेवला. कप आणून दिला, परत आत जाऊन गॅस बंद आहे का ते पाहिलं, आणि वर मामींनाही हाक मारून बघायला सांगितलं. विहिरीवरची मोटार चालू करायची होती, तर अंगदला विचारायला गेले. ज्या माणसानं काळोख्या गोठ्यांत हात घालून वासरं सोडवली, तो आता बटण दाबायला परवानगी मागत होता. मामींचं प्लास्टर निघालं होतं, पण भाकरी थापताना हात मधेच थांबायचा, आणि तो थांबला की मामा मान खाली घालायचे. अमृतला चहा गोड लागेना.

त्यानं सीट काढली. चार्जिंगची वायर जोडाजवळ वितळून गोळा झाली होती. रेग्युलेटर, म्हणजे बॅटरीकडं जाणारा करंट आवरणारा तो ॲल्युमिनियमचा ठोकळा, एका बाजूनं करपला होता. अमृतनं त्याचे बोल्ट सोडले, ठोकळा हातात घेतला आणि उलटून पाहिला.

ठोकळ्याच्या मागं रबराचे वायसर, म्हणजे पातळ चकत्या होत्या. ते त्यानंच बसवले होते. नव्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून, मोठ्या हौसेनं. आणि त्यांच्या खाली चेसीवर तोच काळाभोर रंग, बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. त्या ठोकळ्याची अर्थिंग चेसीतून व्हायची, त्याची गरमीही चेसीतच उतरायची. त्यासाठी तिथं लोखंड उघडं लागतं. अमृतनं ते रंगानं आणि रबरानं दोन्हीकडून बंद करून टाकलं होतं. बोल्टाच्या आट्यांतून करंट कसाबसा वाट काढत होता आणि तापत होता. उलट मामांचा दिवा चालू असायचा, तेव्हा जास्तीचा करंट दिव्यात खर्च व्हायचा. त्या दिव्यामुळंच गाडी दिवाळीपर्यंत तरी चालली होती.

त्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. कंपनीत रंगाला जाणाऱ्या प्रत्येक सांगाड्यावर अर्थिंगच्या जागी रंग बसू नये म्हणून तो रोज चिकटपट्टी लावायचा. नवी पोरं पट्टी लावायला विसरली तर त्यांना झापायचा. मामांच्या गाडीला मात्र त्यानं मुद्दाम पट्टी लावली नाही, कारण चकचकीत रंगात रुपयाएवढं उघडं लोखंड वाईट दिसलं असतं. सीटखाली! जिथं कोणी बघणार नव्हतं, तिथं त्याला शोभा हवी होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की ठोकळा हातात धरून तो नुसता बसून राहिला.

मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. अंगद फोनवर होता, मामा पेंढ्यांकडं बघत होते. अमृतनं ते वायसर उचलले आणि खिशात घातले.

पुढचं काम त्यानं खाली मान घालून केलं. कानशीनं रंग खरवडला, पॉलिश पेपर मारून लोखंड पांढरं केलं. जळका जोड कापून नवा घातला, येताना आणलेला नवा रेग्युलेटर थेट लोखंडावर घट्ट आवळला आणि अर्थिंगची वेगळी वायरही दिली. गाडी चालू करून बराच वेळ तशीच ठेवली, रेसवरही चालवून पाहिली. ठोकळ्यावर तळहात ठेवला. ताप उतरलेल्या पोराच्या कपाळाइतका कोमट. दुखणं गेलं होतं.

अंगदनं बाहेर येऊन विचारलं, काय निघालं. अमृत म्हणाला, जोड जळला होता. म्हणजे लाईटमुळंच ना, असं अंगदनं विचारलं, आणि अमृतनं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही, नुसतं हत्यारं पुसायला घेतली. ओट्यावर मामांनी ते ऐकलं आणि हळूच मान हलवली. ती मान अमृतच्या काळजात रुतली. एवढं होऊनही त्याचं तोंड उघडलं नाही. नवं काम चांगलं झालंय, आता कशाला, असं तो मनाला समजावत होता. मन काही ऐकत नव्हतं.

जेवणं झाली. उन्हं कलल्यावर अमृत निघायला उठला, तेव्हा मामा आतून नारळ घेऊन आले. नारळाला हळदकुंकू लावलेलं, आणि त्यावर गाडीची किल्ली. अंगद आणि मामी दारात येऊन उभे राहिले. त्यांचं आधीच ठरलेलं दिसत होतं.

"घिऊन जा," मामा म्हणाले. "माज्या हातात आता भरवसा ऱ्हायला न्हाई. तू लई जिवापाड रंगवलीस तिला. तुज्याकडं नीट ऱ्हाईल."

अमृतनं हात पुढं केला नाही. खिशातले वायसर मांडीला टोचत होते. रबराचे वायसर काय टोचणार, पण टोचत होते खरे.

त्यानं ते काढून नारळाशेजारी मामांच्या तळहातावर ठेवले.

"मामा, हे मी लावल्यालं. रंग खराब हुईल म्हून. ह्याच्यामुळंच गाडी तापली. लाईटचा काय बी संबंध न्हाई, लाईटनं उलट वाचवली. फोनवर मी उगंच बोललो, आन् आज सकाळी कळल्यावर बी गप बसलो."

मामी डाव्या हातानं उजवं मनगट चोळत राहिल्या. अमृतला वाटलं, मामा आता एक ठेवून देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटायचं, गॅस बी मीच उघडा ठिवत आसंल," मामा म्हणाले. आवाज शांत होता. "समदंच माज्या हातून बिघडतंय आसं वाटायचं. रातीला उठून दाराची कडी बघायचो."

अमृत त्यांच्या पाया पडायला वाकला. मामांनी त्याला पडू दिलं नाही. नारळ मामींच्या हातात दिला, किल्ली मुठीत घेतली आणि आत गेले. बाहेर आले ते मफलर गुंडाळून, पायांत बूट चढवून. कोणाला न विचारता त्यांनी गाडी स्टँडवरून काढली आणि एका लाथेत चालू केली.

"बस मागं," ते अमृतला म्हणाले.

अमृतला वाटलं, एसटी स्टँडवर सोडतायत. राग गेला असावा. तो बसला. गाडी गल्लीतून निघाली, पण स्टँडच्या फाट्याला वळली नाही. ती डेअरीकडं निघाली. संध्याकाळचं दूध घालायची वेळ होती, आणि पांढऱ्या किटल्या घेऊन निम्मं गाव तिथं रांगेत उभं होतं. मामांनी उन्हातच हेडलाईट लावला. रांगेतली तोंडं दिव्याकडं वळली, कोणीतरी कोणाला तरी कोपरानं ढोसलं.

मामांनी गाडी रांगेसमोर नेऊन बंद केली. ते उतरले नाहीत, मागं वळूनही बघितलं नाही. हँडल धरून समोर बघत म्हणाले,

"मला सांगितलंस ते ऱ्हाऊ दे. आता हितं सांग. मग वरच्या वस्तीला जायचंय."