मातीत घातलेलं नाव

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढे या. भिंतीला कान असतात म्हणतात, पण तिला गोष्टीचं सोयरसुतक नसतं. तुम्हाला आहे, म्हणून तुम्हाला सांगतो. गोष्ट लहानशी आहे, शिवण शिकवणाऱ्या एका बाईंची.

या बाईंच्या वर्गाला वर्ग नव्हता. म्हणजे कागदोपत्री होता. जिन्याखालच्या खोलीत झाडू, मोडकी बाकं आणि शिवण ही तिघं एकत्र नांदत. तिथला दिवा असा की सुईत दोरा ओवायचा तर देवाचं नाव घ्यावं लागे, आणि ओवला गेलाच तर तो नावामुळे, दिव्यामुळे नव्हे. बाईंचे डोळेही आता पहिल्यासारखे राहिले नव्हते. म्हणून त्या मुलांना घेऊन शाळेमागच्या मोकळ्या जागेत बसत. तिथे माती होती, दोन झाडं होती आणि मुख्य म्हणजे फुकटचं ऊन होतं.

मुख्याध्यापकांना, म्हणजे मोठ्या सरांना, त्या जागेत फरशी घालायची होती. गाड्या लावायला. गाड्या दोनच होत्या, पण सरांची दृष्टी लांबची.

अशात पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयावरची स्पर्धा आली. विज्ञानाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. सरांनी वेळापत्रकावरून बोट फिरवलं आणि ते शिवणाच्या तासावर येऊन थांबलं.

"अहो सर, मला त्यातलं काय कळतंय?" बाई म्हणाल्या.

"पर्यावरण म्हणजे सगळंच हो. त्यात शिवण आलंच."

"बरं. पण नंबर आला, तर मागे फरशी घालायची नाही."

शाळेचा नंबर आजवर कशातच आला नव्हता. सर मोकळ्या मनानं म्हणाले, "कबूल. नाही आला, तर लगेचच्या सोमवारी गवंडी. आणि एवढं सांभाळा बाई, शाळेचं नाव मातीत घालू नका."

चमूत दोन मुली. एक पोपट. तिला काहीही द्या, संध्याकाळपर्यंत तोंडपाठ. दुसरी सारखी "का? का?" करी, म्हणून तिला सगळे कावळी म्हणत.

"पोपट आणि कावळी," बाई म्हणाल्या. "चला, निम्मं पर्यावरण जमलं."

पोपटनं शाश्वत विकासाची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. कावळी म्हणाली, "बाई, शाश्वत म्हणजे कधीच न संपणारं ना? मग देव सोडून दुसरं काय आहे तसं?"

"परीक्षकांना नको हं विचारूस. त्यांच्या कागदावर देवाला मार्क नसतात."

बाईंची शिकवायची रीत एकच. कुणी काहीही शिवून आणलं की आधी ते उलटं करायचं. सुलट बाजू काय, सगळेच नटवतात. गाठी, लोंबते दोरे, लपवलेली चूक, सगळं उलट्या बाजूला. तिथे काही सापडलं की बाई शांतपणे म्हणत, "उसव."

प्रयोग त्यांनी आपल्या शिवणाच्या पेटीतूनच काढला. सुती आणि नायलॉनचे तुकडे मागच्या जागेत पुरायचे, आणि काय कुजतं, काय राहतं ते बघायचं. मोठे सर म्हणाले, सुती तुकड्यांवर शाळेचं नाव हवं, प्रयोग कुणाचा ते कळायला नको? बाईंनी चार सुती तुकड्यांवर साखळी टाक्यात शाळेचं नाव भरलं. जन्माची सवय, नावाला नेहमी पक्का दोरा घ्यायचा. तो त्यांनी घेतला.

खड्डे बुजवताना कावळी म्हणाली, "बाई, आपण शाळेचं नाव मातीतच घातलं की."

"गप. माती ओढ."

चार महिन्यांनी, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, त्यांनी नायलॉन काढलं. झटकलं तर पुन्हा वापरता आलं असतं. मग एका सुती तुकड्याचा खड्डा उकरला. कापड नव्हतं. कापडाची माती झाली होती. पण त्या मातीत शाळेचं नाव पडलं होतं, नुसत्या दोऱ्याचं. अक्षरं एकमेकांचा हात धरून होती, जरा आक्रसलेली, पण वाचता येत होती.

बाईंच्या लक्षात आलं. पक्का दोरा म्हणजे पॉलिस्टरचा दोरा.

मोठे सर येऊन बघून गेले, आणि परत आले. "तक्त्यावर 'सुती कापड पूर्ण कुजतं' असं रंगवून झालंय. तो दोरा कापून टाका. नुसती माती ठेवा बरणीत. नंबर हवाय ना तुम्हाला?"

नंबर हवा होताच. बाईंनी कात्री उचलली. जिन्याखालची खोली डोळ्यांपुढे आली, तीही अंधारीच. मग त्यांचं लक्ष दोघी मुलींकडे गेलं. मुली बाईंच्या हाताकडे बघत होत्या, जसं त्यांच्या उलट्या केलेल्या शिवणाकडे बाई बघत तसं.

बाईंनी कात्री पेटीत ठेवली. "सर, ही उलटी बाजू आहे. ही मी कापली, तर उद्या कुणाला कोणत्या तोंडानं 'उसव' म्हणू?"

"मग मी गवंड्याला सांगून ठेवतो."

"ठेवा."

स्पर्धेच्या सभागृहात शेजारच्या टेबलावर थर्माकोलचं जंगल होतं. त्यात थर्माकोलचा वाघही होता. जंगल वाचवा म्हणत होता. बाईंच्या टेबलावर नायलॉनचा तुकडा आणि एक बरणी, बरणीत माती आणि मातीवर तो दोरा.

परीक्षक वयस्कर होते, उभा जन्म मातीच्या अभ्यासात घालवलेले. पोपट म्हणाली, "सुती कापड मातीत पूर्णपणे कुजतं."

"मग हे काय आहे?"

पोपटचं पाठांतर तिथे संपत होतं.

"शाळेचं नाव," कावळी म्हणाली. "मातीत घातलं होतं."

मागे उभ्या असलेल्या मोठ्या सरांनी पाणी मागितलं.

"आणि गेलं नाही?"

"नाही ना. कापड सुती, पण दोरा पॉलिस्टर. बाईंची चूक झाली. कुजायचं ते कुजलं, चूक राहिली. मग आम्ही घरचे सुती शर्ट उलटे करून बघितले. बहुतेकांना हाच दोरा."

"किती वर्षं टिकेल हा?"

"अजून तीन पुरलेलेत, त्यांच्यावरून कळलं असतं. पण सोमवारी तिथे फरशी पडणार."

"का?"

कावळीला कुणीतरी 'का' विचारायची ही पहिलीच वेळ. तिनं सगळं सांगितलं, बाईंनी डोळे वटारले तरी.

पहिला नंबर थर्माकोलच्या जंगलाला मिळाला. या दोघींना उत्तेजनार्थ.

"उत्तेजनार्थ म्हणजे नंबर नव्हे हं, बाई," सर हळूच म्हणाले.

"माहीत आहे, सर."

तेवढ्यात परीक्षकांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. एक प्रयोग अजून पुरा झालेला नाही, म्हणाले. त्या शाळेच्या मातीत तीन तुकडे आहेत. दर वर्षी मी स्वतः येऊन बघेन, आणि शेवटचा दोरा कुजेपर्यंत ती जागा हलवू नये. मुख्याध्यापक एवढं करतील का?

सभागृहानं माना वळवल्या. मोठे सर उठले, कोट नीट केला आणि म्हणाले, "आमच्या शाळेत पहिल्यापासूनच मातीला फार मान आहे."

टाळ्या सरांना मिळाल्या. बाईंनीही वाजवल्या.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "शेवटचं नाव कुजेपर्यंतच हं, बाई."

"हो सर. कुजलं की लगेच सांगते."

सर अजून अधूनमधून विचारतात, "कुजलं का शाळेचं नाव?" बाई उन्हातून मान वर करून म्हणतात, "अजून नाही, सर." शाश्वत एक देव, आणि त्याच्या पाठोपाठ तो दोरा. फरक एवढाच की देव कुणाच्या पायात अडकत नाही.

आता उठा, पण एवढं करा. कधी उजेडाला धरून सुईत दोरा ओवाल, तेव्हा आधी तो कसला आहे ते बघा, आणि हातातली कात्री खाली ठेवणाऱ्या त्या बाईंची आठवण ठेवा.