मोठ्या बाईंचा तास

"पण तिकडे जास्त काय मिळणार आहे तुम्हाला?" मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या बाईंनी विचारलं.

"पगार थोडा जास्त आहे. पण त्यासाठी नाही, बाई," खटपटे सर म्हणाले. "त्या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीत मला धडे बनवायला मिळतील. पडद्यावरचे का होईनात."

'खटपटे' हे मुलांनी ठेवलेलं नाव, आणि ते सार्थच होतं. एकदा गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी हात जोडून परत पाठवलं होतं, कारण सहावीचं गणित त्या नळाखाली बादली लावून बसलं होतं. वर्षाला किती पाणी वाया जातं ते मुलांनी काढलं आणि मग स्वतःच प्लंबरच्या मागे लागून नळ नीट करून घेतला. त्या वर्षी सहावी बादलीसकट पास झाली, असं शिक्षकांच्या खोलीत अजून म्हणत.

बाईंना इतका अभिमान वाटला, की त्यांनी सरांना उपक्रमप्रमुख केलं. वेगळं टेबल दिलं आणि सहावी दुसऱ्याकडे सोपवली. मग कोणी रजेवर गेलं की त्याच्या वर्गावर सर, पाहुणे आले की शाळा दाखवायला सर. कामाचा माणूस सापडला की सगळी कामं त्याच्याच गळ्यात, ही शाळांची जुनी खोड.

"मी तुम्हाला मान दिला हो," बाई म्हणाल्या.

"दिलात की. पण वर्ग काढून घेतलात."

बाईंना राग आला. त्यांनी शिपाईमामांना हाक मारून खिडकी लावायला सांगितली. ती लावलेलीच होती.

"आज संध्याकाळी त्यांना होकार कळवायचाय," सर उठत म्हणाले. "सातवीचे सर रजेवर आहेत, तिकडे जातो."

रिकाम्या खुर्चीकडे बघता बघता बाईंना आपला भूगोल आठवला. एके काळी त्या वर्गातल्या जमिनीवर खडूने नदी काढायच्या. मुलं काठाने गावं वसवायची, वरच्या गावाने पाणी अडवलं की खालचं गाव भांडायला उठायचं. बाई छान शिकवतात म्हणून त्यांना मुख्याध्यापिका केलं आणि हातातला खडू सुटला. त्याचं वाईट वाटून घ्यायलाही कधी सवड झाली नाही. आता मात्र वाटलं, आणि फार वाटलं. आपलं जे झालं, तेच आपण सरांचं केलं होतं, तेही कौतुकाने.

त्यांनी जिन्यातच सरांना गाठलं.

"थांबा. सातवीवर मी जाते. यापुढे रजेवरच्यांचे तास माझ्याकडे."

"तुम्ही?"

"का, मला शिकवता येत नाही? ते प्रमुखपद मीच तुमच्या गळ्यात मारलं होतं, मीच काढते. सहावी तुमची तुम्हाला परत. आणि ही घ्या, जिन्याखालच्या खोलीची किल्ली. मोडक्या खुर्च्या बाहेर काढा नि हवं ते करून बघा. फसलं तर फसलं, मी जाब विचारणार नाही."

"बाई, मी अजून..."

"राहा असा आग्रह नाही करणार. राहावंसं वाटलं तर राहा."

सरांनी किल्ली घेतली.

सातवीत बाई शिरल्या तसा वर्ग चिडीचूप झाला.

"बाई, कोणी काय केलं?" पुढच्या बाकावरच्या मुलीने भीतभीत विचारलं.

"काही नाही. माझा तास आहे."

"तुम्ही शिकवता पण?"

बाईंना हसू आलं. त्यांनी बाक भिंतीकडे सरकवायला लावले आणि खडू घेऊन जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. नदीचं पहिलं वळण साफ बिघडलं, दुसरं जमलं. तोवर दोन गावं वसलीही होती आणि पाण्यावरून जुंपलीही होती.

तेवढ्यात खालून खडखडाट ऐकू आला. शिपाईमामा धापा टाकत दारात आले.

"बाई, खटपटे सरांनी खोलीतल्या खुर्च्या ओढून बाहेर काढायला घेतल्यात. भिंतीची मापं काय घेतायत, फळ्या काय ठोकतायत. तास चालू आहेत म्हटलं तर ऐकत नाहीत. बंद करायला सांगू का?"

बाईंनी मान खाली घातली. डोळे भरले होते, ते मुलांना दिसायला नको होते.

"नको," त्या म्हणाल्या. "एकटेच उचलत असतील. तुम्ही जरा हात लावा त्यांना."

मामा गेले. बाईंनी बाही डोळ्यांना लावली आणि नदी पुढे दारापर्यंत नेली.