चाकं बांधून

मामाजींनी आयुष्यात बैल कधी तोंड पाहून घेतला नाई. दारव्ह्याच्या बाजारात माझे सासरे सदाशिवराव दिसले का बैलवाले आधीच बंडी काढून ठेवत. बंडीत पोते टाका, चाकं दोरानं बांधा, मंग जोडी जुंपा. बांधल्या चाकाची बंडी जोडीनं ओढली तं पुढची बोलणी, नाई तं राम राम. असा हा माणूस माझ्यासाठी गाडी पाहाले निघाला अन् कागदावरचा एक आकडा वाचून खुश झाला. माझं डोस्कं तिथंच सरकलं.

"लिटरले पंचवीस देते," मामाजी म्हणाले.

"कोणाले देते?" म्या इचारलं.

"कोणाले म्हंजे? सगळ्याईले."

मी नर्स हाय. माझं उपकेंद्र आर्णीकडच्या डोंगरात, घाटाच्या खाली. दवाखाना घाटाच्या वर, आमच्या बाजूले. रोज सकाळी मी घाट उतरते, संध्याकाळी चढते. चढताना गाडीत एकटी कधीच नसते. कोणाचं लेकरू तापलेलं असते, कोणाची म्हातारी पडलेली असते.

मागल्या साली खालच्या गावातल्या लालीबाईचे दिवस भरले. अँब्युलन्स दुसऱ्या गावाले गेलती. त्या दिवशी माझे मालक, रजत, मले घ्याले आलते, तं त्याईच्याच जुन्या गाडीत लालीबाईले घातलं. संग तिची सासू, तिची नणंद. तिसऱ्या वळणावर गाडीनं जीव सोडला. भरलेली गाडी चढेच ना. लालीबाईले उतरा लागलं. कळा देत देत ती माय तो चढ चढली अन् वर पोचता पोचता एका दगडाच्या आडोशाले बाळंत झाली. पोरगी जगली, लालीबाईही जगली. त्यात आमची करामत काहीच नाई. ते वळण आलं का मी अजून दात-ओठ खाते.

आता नवी गाडी घ्याची तं चालवणार मी, पेट्रोल टाकणार मी, घाट चढणार मी. अन् पसंत कोणं केली? मामाजींनी, रजतनं, अन् मामाजींच्या साडूच्या जावयानं, ज्याच्या गावात साधं टेकाड नाई. मले काय इचारलं, तं रंग.

"मले ते दुसरी पाह्यजे, मोठ्या इंजिनची," म्या सांगतलं.

"ते अठराच देते," रजत म्हणाले. "तुले गाडीतलं काय समजते?"

"रोज घाटात कोण चालवते? तुमची पंचवीसवाली चढावर पहिल्या गिअरमध्ये रडत जाईन अन् आठावर येईन. हलका बैल चढावर खाते जास्त अन् ओढते कमी, हे या घरात मले सांगा लागते?"

मामाजींनी चष्मा काढला. बैलाचं नाव घेतलं का ते ऐकतात.

"बैल घेताना तुम्ही चाकं बांधता मामाजी. मंग गाडीचीच कायले नाई बांधत? का बैल तुम्हाले हाकलाचा असते अन् गाडी सुनेले, म्हणून?"

माझ्या सासूबाई भागीरथाबाई, मी त्याईले आत्याबाई म्हणते, गवारीच्या शेंगा मोडून राह्यल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरंच तं म्हणून राह्यली थे."

दुसऱ्या दिवशी शोरूमचा पियूष पंचवीसवाली घेऊन दारात आला. म्या डिक्कीत तुरीचे दोन पोते टाकाले लावले. त्याचं तोंड पडलं.

"मॅडम, टेस्ट ड्राइव्ह म्हंजे स्टँडपर्यंत जाऊन याचं असते."

"तुमच्या स्टँडवर घाट हाय का?"

मागं मामाजी, आत्याबाई, रजत. बाजूले पियूष. एसी सुरू. घाट उतरलो, खालून गाडी फिरवली अन् चढाले लागलो. पहिल्या वळणाले दुसरा गिअर पुरला नाई. दुसऱ्या वळणाले पहिल्यातही गुरगुर. तिसऱ्या वळणावर गाडी थांबली अन् हातभर मागं सरकली. म्या हँडब्रेक ओढला.

पियूष घाम पुसत म्हणाला, "मागचे जरासे उतरले ना मॅडम, तं चढते गाडी."

माझ्या अंगाचा असा भडका झाला का काय सांगू. म्या आरशात पाह्यलं अन् म्हणलं, "उतरा."

रजत उतरले. मामाजीही उतरले, गुडघे धरत. आत्याबाईले म्या उतरू देलं नाई. गाडी कशीबशी वर नेली. समोरच्या पडद्यावर आकडा होता लिटरले साडेसात. मंग आम्ही वाट पाहत थांबलो. एप्रिलचं ऊन, सावलीले एक झाड नाई. रजतच्या मागं मामाजी आले तं सदरा अंगाले चिकटलेला. रस्त्याच्या कडेच्या दगडावर टेकले. मले लय बरं वाटलं, लपवत नाई.

मंग त्याईनं खाली घाटाकडं पाहत इचारलं, "थे लालीबाई इथंच उतरली होती?"

"खाली. तुम्ही उतरले तिथंच. अन् बसले हा तिचा दगड."

मामाजी दगडावरून उठले.

"भरल्या दिवसाच्या बाईले उतर म्हणलं तरी कोणं?"

रजतनं माझ्याकडं पाह्यलं नाई. सालभर मी त्याईच्या गाडीले शिव्या देल्या, अँब्युलन्सले देल्या, घाटाले देल्या. त्याईनं एकदाही उलटून बोलून दाखवलं नव्हतं.

"म्या," मी म्हणाली. "'जराशीक उतर माय, मंग चढते गाडी,' असं म्याच म्हणलं तिले."

आत्याबाईनं गाडीतून हात काढून माझा दंड धरला. मामाजींनी उपरण्यानं तोंड पुसलं अन् पियूषकडं वळले.

"उद्या ते दुसरी आन बापू," ते म्हणाले. "हे पोते घरी उतरवू नोको. तिच्यातच टाकून आनजो."